समुद्राकडे पाठ, डोंगराकडे वाट

मुलांनो, अलिबाग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? समुद्र, वाळू, टांगा आणि ओहोटीला चालत जायचा कुलाबा किल्ला. बरोबर ना? मुंबई-पुण्याहून येणारे पाहुणे एसटीतून उतरले की थेट किनाऱ्याची वाट धरतात. पण एकदा किनाऱ्यावर उभं राहून समुद्राकडे पाठ करून बघा. पूर्वेला नारळी-पोफळींच्या शेंड्यांवर एक लांबलचक डोंगर दिसेल. तो सागरगडाचा डोंगर. त्याच्या कुशीत एक घळ आहे, घळीतून एक ओढा उड्या मारत खाली येतो आणि त्या वाटेवर सिद्धेश्वराचं देऊळ आहे. पावसाळा संपता संपता ओढ्याच्या काळ्या कातळात स्वच्छ पाण्याचे छोटे छोटे डोह साचतात. सकाळी जाऊन दुपारी जेवायला घरी परत येता येईल, इतकं हे ठिकाण जवळ आहे.

आज आपण या अर्ध्या दिवसाच्या सहलीचा बेत आखणार आहोत. वही-पेन्सिल घेऊन बसा. आणि हो, एकटे बसू नका. आई, बाबा, मामा, काकू, जो कोणी मोठा बरोबर येणार असेल, त्यालाही शेजारी बसवा.

बेत आखायला वही कशाला, असं तुम्ही विचाराल. आम्हीही विचारलं होतं. त्याचं उत्तर आम्हाला ओढ्यानंच दिलं. ती गोष्ट आधी सांगतो.

मी तेव्हा सहावीत होतो. सहामाही परीक्षा नुकतीच संपली होती. मामा आम्हा सहा भावंडांना घेऊन सिद्धेश्वरला निघाला. बेत असा काहीच नव्हता. 'जाऊ, डुंबू, जमलं तर गडावर जाऊ, मग येऊ!' निघायलाच दहा वाजले. ओढ्यापाशी पोचलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. मग काय विचारता! सगळे पाण्यात. कुणाला वेळेचं भान उरलं नाही. दोन-अडीचच्या सुमारास वरच्या माचीवरून एक आजीबाई डोक्यावर मोळी घेऊन उतरल्या. आम्हाला बघून थबकल्या आणि म्हणाल्या, "पोरांनो, उठा रे. वर पाऊस लागलाय."

आम्ही वर पाहिलं. आमच्या डोक्यावर तर लख्ख ऊन होतं! आम्हाला हसूच आलं. पण मामा हसला नाही. त्यानं सगळ्यांना काठावर बोलावलं आणि डोकी मोजली. एक, दोन, तीन, चार, पाच. सहावी कुठाय?

छोटी नव्हती. माझी चुलत बहीण, वय वर्षं सात. ती आमचा कंटाळा येऊन खालच्या डोहाकडे बेडकांची पिल्लं पकडायला गेली होती, आणि हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. मामा दगडांवरून पळत सुटला. एका मोठ्या धोंड्याच्या आड ती डबा घेऊन पाण्यात बसली होती. मामानं तिला उचललं आणि काठ चढून वर आणलं. तेवढ्यात पाण्याचा रंग बदलला. आधी पानं आणि काटक्या आल्या, मग पाणी चहासारखं लालसर झालं, मग त्याचा आवाज वाढला. दहाएक मिनिटांत छोटी बसली होती तो धोंडा दिसेनासा झाला. आमच्या अंगावर पावसाचा एक थेंबही पडला नव्हता!

आमच्या दोन चपला आणि जेवणाचा एक डबा ओढ्यानं नेला. तेवढ्यावर निभावलं, ते त्या आजीबाईंमुळे. त्या रात्री मामानं एक दोनशे पानी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'सहल परतीपासून आखायची.'

पाणी अचानक येतं कुठून?

यात जादू काही नाही, साधं गणित आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर बरोबर एक लिटर पाणी जमा होतं. आता एक चौरस किलोमीटरचं पठार घ्या. म्हणजे दहा लाख चौरस मीटर झाले. तिथे तासाभरात २० मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी किती? दोन कोटी लिटर! दहा हजार लिटरचे दोन हजार टँकर भरतील एवढं. त्यातलं निम्मं जमिनीत मुरलं असं धरलं, तरी हजार टँकर उरतात. पठार पसरट असतं, पण घळ चिंचोळी. नरसाळ्यात पाणी ओतलं की खाली कसं जोरात येतं? तसंच हे. आणि पाऊस वरच्या पठारावर पडत असला, तरी घळीत बसलेल्याला तो दिसेलच असं नाही.

या पाण्याचा जोरही कमी लेखू नका. वेगानं वाहणारं पाणी वीतभर खोल असलं, तरी मोठ्या माणसाचा पाय उचलू शकतं. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यांत लहान मुलंही होती. हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. पाण्याला भिऊ नका, पण पाण्याशी पैज लावू नका.

डोह कसे तयार झाले?

आपल्या सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, पसरला आणि थंड झाला. असं पुन्हा पुन्हा झालं आणि थरावर थर चढले. काही थर टणक, काही ठिसूळ. ठिसूळ थर पाण्यानं लवकर झिजतो, टणक थर टिकून राहतो. त्यामुळे ओढ्याच्या पात्रात जिन्यासारख्या पायऱ्या तयार होतात. प्रत्येक पायरीवरून पाणी खाली आदळतं आणि तिथे खळगा पडतो. त्या खळग्यात गोटे अडकले की पाण्याच्या भोवऱ्याबरोबर ते गरगर फिरतात आणि जात्यासारखे कातळ दळत राहतात. अशा खळग्यांना रांजणखळगे म्हणतात. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात निघोजला कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे प्रसिद्ध आहेत. शाळेची सहल कधी गेली तर जरूर बघा.

यातून आपल्या कामाची एक गोष्ट कळते. डोह सगळीकडे सारखा खोल नसतो! काठाला गुडघाभर पाणी आणि एक पाऊल पुढे टाकलं की डोक्यावरून, असं होऊ शकतं. पाणी स्वच्छ असलं की तळ खरा आहे त्यापेक्षा वर आल्यासारखा दिसतो. पाण्याच्या पेल्यात पेन्सिल उभी केली की ती वाकडी दिसते ना? तीच ही गंमत, पण इथे ती महागात पडते.

कधी जायचं?

जून ते सप्टेंबर या घळीकडे जायचं नाही. तेव्हा समोरच्या कड्यावरून कोसळणारा धबधबा फार देखणा दिसतो हे खरं, पण ओढा तेव्हा आपल्या हाताबाहेरचा असतो. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन काही धबधब्यांवर जायला बंदीही घालतं. ती कुणाची मजा बिघडवायला नसते.

मग कधी? मुंबईच्या परिसरातून मान्सून माघारी फिरण्याची सरासरी तारीख आहे ८ ऑक्टोबर. त्यानंतर, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीच्या आगेमागे, ओढा शांत होतो पण आटलेला नसतो. डोंगर अजून हिरवा असतो. सोनकीची पिवळी फुलं दिसू शकतात. नशीब असेल तर काळ्या पंखांवर निळी नक्षी असलेलं नीलवंत फुलपाखरूही भेटेल. २०१५ साली ते महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं.

पण परतीचा पाऊस लहरी असतो. सकाळी आकाश निरभ्र, दुपारी उकाडा, मग ढगांचे डोंगर आणि गडगडाट, असा त्याचा क्रम असतो. म्हणूनच आपली सहल सकाळची, अर्ध्या दिवसाची. आता कळलं, आम्ही कुठे चुकलो होतो? ढग जमायच्या वेळेला आम्ही डोहात होतो!

आदल्या रात्री आणि निघण्यापूर्वी हवामान खात्याचा रायगड जिल्ह्याचा अंदाज बघा. त्यांचे रंग पाठ करून ठेवा. हिरवा म्हणजे काळजी नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे ताबडतोब कृती करा. आपला नियम यापेक्षा सोपा आहे. हिरवा नसेल तर जायचं नाही.

आता बेत आखू या, उलटा!

अलिबाग-पेण रस्त्यावर, अलिबागहून सहा-सात किलोमीटरवर खंडाळे गाव लागतं. (घाटातला खंडाळा नव्हे हं! तिकडचं तिकीट काढाल!) अलिबागहून एसटी किंवा मिनीडोर मिळते. मुंबई-पुण्याकडून येणाऱ्यांना पेण, वडखळ, पोयनाड आणि कार्लेखिंड ओलांडली की खंडाळे लागतं. पण त्यांनी आदल्या दिवशीच अलिबागला मुक्कामाला यावं. प्रवासात सकाळ गेली, की सहलीला उरते ती धोक्याची दुपार.

खंडाळ्यातून पायवाट डोंगराकडे जाते. सिद्धेश्वरापर्यंत मुलांच्या चालीनं, थांबत-थांबत, दीड तास धरा. उतरायला वेळ कमी लागतो, असं सगळे म्हणतात. पण तेव्हा पाय थकलेले असतात आणि वाट निसरडी असू शकते. म्हणून उतरायलाही दीड तासच धरायचा.

आता वहीत खालून वर लिहा.

घरी जेवायला : १.००
खंडाळ्याच्या थांब्यावर परत : १२.१५
अडीअडचणीसाठी राखीव अर्धा तास : ११.४५
ओढ्यावरून निघायचं : १०.१५
ओढ्यापाशी पोचायचं : ९.००
खंडाळ्यातून चालायला सुरुवात : ७.३०
अलिबागहून निघायचं : ६.४५

म्हणजे उठायचं पहाटे साडेपाचला. तोंड वाकडं करू नका! ओढ्यावर आपल्याला सव्वा तास मिळाला, आणि तो पुरतो. यातली सगळ्यांत महत्त्वाची वेळ कोणती? सव्वादहा. पोचायला उशीर झाला, तरी निघायची वेळ बदलायची नाही. साडेनऊला पोचलात तर पाऊण तासच खेळायचं. ओढ्यावरचा वेळ कमी झाला तर चालेल, राखीव अर्धा तास मात्र खर्च करायचा नाही. कुणाचा पाय मुरगळला, कुणी दमलं, मिनीडोर चुकली, तर तो लागतो.

"आणि गड?" असं कुणीतरी विचारणारच. सिद्धेश्वराच्या वर माची आहे आणि तिच्याही पुढे सागरगड, सुमारे चारशे मीटर उंचीचा. नावाप्रमाणे वरून सागर दिसतो. १६६५ साली पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांच्या यादीत सागरगडाचंही नाव घेतात. एवढा मोठा इतिहास घाईघाईत कशाला बघायचा? अर्ध्या दिवसात एकच गोष्ट करायची, गड किंवा ओढा. दोन्ही करायला गेलात तर दोन्ही अर्धवट होतील आणि परतीची वेळ चुकेल. गडासाठी थंडीत वेगळा पूर्ण दिवस ठेवा.

पाठीवर काय, पायात काय?

पायात मागे पट्टा असलेले, तळाला खाचा असलेले बूट किंवा सँडल. रबरी चप्पल नको. (माझी अजून अरबी समुद्रात असेल!) प्रत्येकाकडे एक लिटर पाणी. ओढ्याचं पाणी कितीही काचेसारखं दिसलं तरी प्यायचं नाही. एक कोरडा कपड्यांचा जोड, टॉवेल, टोपी. मोठ्यांच्या पिशवीत प्रथमोपचाराची डबी, शिट्टी आणि दहा-पंधरा मीटर जाड दोर.

खायला भाकरी, चटणी, उकडलेली अंडी, शेंगदाण्याचे लाडू. घरच्या माळेत अलिबागचा पांढरा कांदा अजून शिल्लक असेल, तर त्याच्यासारखी चव नाही. वेफर्सची पाकिटं नकोत, त्यांची रिकामी पाकिटं ओढ्यात पोचतात. साबण आणि शाम्पू तर मुळीच नको. डोहात पाणनिवळ्या आहेत, बेडकांची पिल्लं आहेत, दगडाखाली मुठे खेकडे आहेत. शिवाय ओढ्याच्या काठानं माणसं राहतात, गुरं पाणी पितात. आपण त्यांच्या घरी पाहुणे म्हणून चाललो आहोत.

ओढ्यावरचे नियम

हा भाग मोठ्यांदा वाचा, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

पहिलं, पोचल्या पोचल्या पाण्यात शिरायचं नाही. पाच मिनिटं बसायचं. पाण्याच्या काठावरचा एखादा दगड खूण म्हणून ठरवायचा. दर थोड्या वेळानं त्याच्याकडे बघायचं. पाणी त्याच्या वर चढलं, गढूळ झालं, पानं-काटक्या येऊ लागल्या किंवा आवाज बदलला, तर त्याच क्षणी वर चढायचं. चपला, डबे, सगळं सोडून. 'एवढं घेऊन येतो' हे वाक्य या नियमात बसत नाही.

दुसरं, मोठा माणूस आधी पाण्यात उतरून काठीनं खोली बघेल. ज्या डोहात सगळ्यांत छोट्याच्या कमरेइतकंच पाणी असेल, तोच आपला डोह. बाकीचे बघण्यासाठी. कड्यावरून पडणाऱ्या धारेखाली जायचं नाही. वरून दगडही येतात.

तिसरं, उडी मारायची नाही. पोहता येणाऱ्यानं तर नाहीच. पोहण्याच्या तलावाला तळ सपाट असतो, डोहाच्या तळाशी कातळाचे सुळके असू शकतात.

चौथं, एक मोठा माणूस कायम काठावर, कोरडा. त्याचं काम एकच, डोकी मोजायची. दर दहा मिनिटांनी शिट्टी वाजली की सगळ्यांनी आपापला आकडा ओरडायचा. आमच्याकडे छोटी 'सहा!' असं इतक्या जोरात ओरडायची, की घळ तिला उत्तर द्यायची.

पाचवं, कुणी बुडायला लागलं तर मागोमाग पाण्यात शिरायचं नाही. बुडणारा घाबरून मिठी मारतो आणि दोघेही जातात. ओरडा, दोर फेका, काठी पुढे करा, ओढणी किंवा टॉवेल फेका. मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक पाठ हवेत. डोंगरात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून आपण कुठे चाललो आणि किती वाजता परत येणार, हे घरी लिहून ठेवायचं.

सहावं, पाणी वाढलं आणि तुम्ही पलीकडच्या काठावर अडकलात, तर ओढा ओलांडायचा नाही. उंच जागी बसून राहायचं. अशा छोट्या ओढ्याचं पाणी जसं चढतं तसं पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतंही. जेवण थंड झालं तर होऊ दे!

आणि सातवं, वाटेत भेटणाऱ्या गावच्या माणसांशी बोला. "काका, वर पाऊस आहे का?" एवढं विचारलं तरी पुरे. त्यांनी तो डोंगर शेकडो पावसाळे बघितलाय, आजोबा-पणजोबांपासून. ते 'निघा' म्हणाले की निघायचं. कारण विचारायचं असेल तर खंडाळ्यात पोचल्यावर विचारा.

शेवटचं पान

मामाची ती दोनशे पानी वही आता माझ्याकडे आहे. त्यात बऱ्याच सहली आहेत. कोण कोण आलं, किती वाजता पोचलो, कुठे फुलपाखरं दिसली, ओढ्याला किती पाणी होतं. छोटी आता मोठी झाली आहे. ती स्वतःच्या मुलांना घेऊन सिद्धेश्वरला जाते आणि काठावर कोरडी राहून शिट्टी वाजवायचं काम स्वतःकडे ठेवते.

त्या वहीतलं माझं सगळ्यांत आवडतं पान अगदी रिकामं आहे. वर तारीख आहे, मामाच्या अक्षरात वेळापत्रक आहे, साडेपाचला सगळे उठल्याची नोंद आहे. खाली एवढंच लिहिलंय, 'पूर्वेला ढग. गेलो नाही. मुलं रुसली. मामीनं कांदाभजी केली. दुपारी तीनला धो धो पाऊस.'

तुमच्या वहीत असं एखादं पान आलं, तर ते फाडू नका.